मैफलीचे फोटो दर वेळी हलतात: लेन्स घेण्याआधी काय तपासायचं

गाण्याचा कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी ओळखीचे लोक मला फोटो पाठवतात आणि सोबत तोच प्रश्न असतो. गायकाचा चेहरा पुसट आलाय, हाताच्या जागी नुसता फिकट पट्टा उमटलाय, मागचा काळा पडदा ठिपक्यांनी भरलाय, तर कॅमेऱ्यासोबत आलेली किटची लेन्स काढून आता कोणती घेऊ? ग्वाल्हेरात गाण्याला तोटा नाही. गणेशोत्सवात लष्कर भागातली मंडळं, दाल बाजारातलं नाट्य मंदिर, गुरुपौर्णिमेच्या घरगुती बैठका, डिसेंबरात हजीऱ्याला तानसेन समारोह. उजेड मात्र सगळीकडे बेताचाच, आणि तो फोटोसाठी लावलेला नसतो, गाणं ऐकायला आलेल्यांसाठी असतो.

बहुतेकांना नवी लेन्स लागतेच, हे आधीच सांगतो. पण कोणती, हे दोन गोष्टींवर ठरतं: तुमचा फोटो नेमका कशाने बिघडतोय आणि तुम्ही बसता कुठे. या दोन्हींची उत्तरं हातात नसताना दुकानात गेलात तर पैसे जातात आणि पुढच्या कार्यक्रमाचे फोटोही तसेच येतात.

फोटो पूर्ण मोठा करून बघा

बिघडलेला एक फोटो कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठा करा. आधी चेहरा बघू नका, न हलणाऱ्या वस्तू बघा. माइकचा स्टँड, गालिच्याची नक्षी, तबल्याखालची गादी, कठड्यावरचे दिवे.

या सगळ्या वस्तू एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसत असतील आणि दिव्यांच्या ठिपक्यांच्या छोट्या रेघा झाल्या असतील, तर कॅमेरा धरलेला हात हलला. इथे स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरण्याची सोय) असलेली लेन्स किंवा बॉडी खरोखर उपयोगी पडते. मोनोपॉड, म्हणजे एकपायी स्टँडही चालतो. काहीच नसेल तर मांडी घालून बसा, कोपर गुडघ्यावर टेकवा आणि शटर लेन्सच्या लांबीच्या, म्हणजे एमएमच्या आकड्याच्या हिशोबात ठेवा: क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० एमएमला निदान १/८० सेकंद, ८५ एमएमला १/१२५.

स्टँड आणि गालिचा स्वच्छ असेल, पण गायकाचा हात आणि जबडा पुसला गेला असेल, तर गायक हलला. माझ्याकडे येणाऱ्या फोटोंत हा प्रकार सगळ्यात जास्त असतो, आणि याच फोटोंवर इलाज म्हणून लोक स्टॅबिलायझेशनची लेन्स घेऊन येतात. तिचा इथे काडीचाही उपयोग नाही. ती तुमचा हात सावरते, गायकाचा नाही. इथे फक्त शटरचा वेग कामाला येतो, आणि वेग हवा तर उजेड हवा, म्हणजे मोठ्या तोंडाची लेन्स किंवा जास्त आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता).

तिसरा प्रकार असा की चेहरा पुसट, पण समोरच्या माइकची जाळी किंवा मागच्या तानपुऱ्याची खुंटी अगदी धारदार. हा फोकसचा दोष. त्याचं पुढे बोलू, कारण नवी लेन्स आल्यावर हा दोष कमी न होता वाढतो.

सगळं धारदार आहे आणि फक्त रवाळपणा आहे, अशी तक्रार असेल तर लेन्सला हात लावू नका. आयएसओ कमी ठेवून काळा पडलेला फोटो नंतर उजळवला की सावल्यांत ठिपके वर येतात. त्यापेक्षा आयएसओ ६४०० वर नेऊन फोटो जागेवरच नीट उजेडात घ्या आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) ठेवा. ठिपके नंतर सॉफ्टवेअरने बरेच कमी करता येतात. हललेला हात कोणत्याही सॉफ्टवेअरने जागेवर येत नाही.

उजेडाचा हिशोब

एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं. किटची १८-५५ लेन्स १८ एमएमला एफ ३.५ असते आणि ५५ ला एफ ५.६ होते. चेहरा जवळ आणायला तुम्ही तिला ५५ वर नेता, म्हणजे गरज सगळ्यात जास्त असते तिथेच तिचं तोंड सगळ्यात लहान होतं. ५५-२५० किंवा ७०-३०० लेन्सचं लांबच्या टोकाला तेच.

समजा आयएसओ ३२०० आहे आणि एफ ५.६ ला शटर १/३० मिळतंय. त्याच उजेडात एफ २.८ ला चौपट प्रकाश आत येतो आणि शटर १/१२५ ला पोहोचतं. एफ १.८ ला ते साधारण १/३०० होतं. आता गाण्याला काय लागतं ते बघा. आलापीत गायक स्थिर असताना १/१२५ पुरतं. तानेत हात फिरू लागला की १/२५० हवं. तबलजीची बोटं लग्गीत, म्हणजे जलद बोलांत, थांबवायची असतील तर १/५०० हवं, आणि तेही काही वेळा कमी पडतं.

म्हणून अंधाऱ्या सभागृहासाठी एफ २.८ चा झूम ही सुरुवात आहे, चैन नव्हे. आणि एफ १.८ ची साधी, स्वस्त प्राइम (झूम न होणारी) लेन्स उजेडाच्या बाबतीत त्या महागड्या झूमच्या पुढे जाते, जवळजवळ अडीचपट. कमी पैशांत काम करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

शटर हळू होण्याचं आणखी एक कारण असतं, तिकडे कुणी बघत नाही. गायकाच्या मागे काळा पडदा असतो. कॅमेरा ऑटोवर किंवा अॅपर्चर मोडवर असेल तर तो पडदा उजळवायला बघतो, शटर १/१५ पर्यंत खाली आणतो, चेहरा पांढराफटक करतो आणि शिवाय हलवतो. मॅन्युअल मोड लावा, लेन्स पूर्ण उघडी, शटर १/२५०, आयएसओ ऑटो, आणि मीटर स्पॉटवर (उजेड छोट्या भागापुरता मोजण्यावर) ठेवून चेहऱ्यावर घ्या. कित्येकांचे निम्मे हललेले फोटो लेन्स न बदलता इथेच थांबतात.

आता गाण्यातलं ऐकायचं काय, ते सांगतो, कारण याने शटरचा एक टप्पा, म्हणजे दुपटीचा फरक, फुकट मिळतो. हात वर जाऊन खाली यायला वळतो त्या क्षणी तो जवळजवळ थांबलेला असतो. ग्वाल्हेर गायकीत विलंबित ख्याल बहुधा फार संथ नसतो, ताल तिलवाडा असो की झुमरा, आवर्तन कानाला धरून ठेवता येतं. मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) उचलला की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येणार हे कळतं, आणि कित्येक गायकांचा हात समेवर येऊन टेकतो. शटरचं बटण अर्धं दाबून ठेवा आणि समेला पूर्ण दाबा. १/१२५ लाही हात स्वच्छ मिळतो, आणि त्या क्षणी गायक आणि तबलजी एकमेकांकडे बघत असतात, ते निराळंच. ज्यांना ताल कळत नाही त्यांनी मात्रा मोजायला शिकावं असं मी मनापासून सांगेन. लेन्सवर घातलेल्या पैशांहून त्याने जास्त मिळतं.

बसता कुठे, त्यावर लेन्स

इथे थोडा हिशोब करायला लागतो, पण एकदाच. मांडी घालून बसलेला गायक, वर उचललेल्या हातासकट, साधारण सव्वा मीटर उंचीत मावतो. म्हणजे चौकटीत सव्वा ते दीड मीटरची जागा यावी, एवढं बघायचं. खालचे आकडे क्रॉप बॉडीचे आहेत, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या कॅमेऱ्याचे.

घरगुती बैठकीत गायक तीन मीटरवर असतो. तिथे ५० एमएमच्या चौकटीची लांब बाजू १.४ मीटर भरते, म्हणजे कॅमेरा उभा धरला की गायक नीट बसतो. हार्मोनियमवालाही हवा असेल तर ३५ एमएम लागते, तिच्यात दोन मीटर मावतं. ५० एमएम एफ १.८ ही कॅनन आणि निकॉन दोघांच्याही स्वस्तातल्या लेन्सांपैकी आहे. कॅननची तर दीडशे-एकशेसाठ ग्रॅमची आहे, खिशात राहते.

छोट्या सभागृहात पहिल्या-दुसऱ्या रांगेत, पाच मीटरवर, ५० एमएममध्ये २.३५ मीटर रुंदी येते. गायक मधे लहान दिसतो आणि बाजूने माइकचे स्टँड, पाण्याच्या बाटल्या, वायरी सगळं येतं. लोक म्हणतात, नंतर कापून घेऊ. २४ मेगापिक्सेलचा फोटो ८५ एमएमच्या चौकटीएवढा कापला की ८ मेगापिक्सेल उरतात, आणि ठिपके तेवढेच मोठे होऊन समोर येतात. अशा ठिकाणी ८५ एमएम एफ १.८ हवी. पाच मीटरवर तिची लांब बाजू २.३५ मीटरऐवजी साधारण १.४ मीटर धरते. ग्वाल्हेरात एकच लेन्स घ्यायची असेल तर मी हीच सांगतो. आपली बरीचशी सभागृहं आणि मंडळांचे मांडव याच अंतराचे आहेत. निकॉनची एएफ-एस ८५ एमएम एफ १.८ जी साडेतीनशे ग्रॅमची आहे. कॅननची ईएफ ८५ एमएम एफ १.८ १९९२ पासूनची, म्हणून जुन्या बाजारात सहज मिळते, आणि अॅडॅप्टर लावून आर मालिकेच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडीवरही चालते.

आठ-दहा मीटरवर १३५ एमएम एफ २ सुंदर काम करते, पण ती सगळ्यांच्या आवाक्यातली नाही. तिथून पुढे ७०-२०० एफ २.८ सुरू होते.

तानसेन समारोह हे वेगळं प्रकरण. १९२४ पासून चालत आलेला हा समारोह, समाधीपाशी मोठं व्यासपीठ, आणि पुढच्या जागा पाहुण्यांच्या आणि पासवाल्या छायाचित्रकारांच्या. आपण बाराव्या-पंधराव्या मीटरवर बसतो. पंधरा मीटरवर २०० एमएम मध्ये १.७६ मीटर मावतं, म्हणजे एकटा गायक छान येतो. इथे ८५ घेऊन गेलात तर व्यासपीठाचा देखावा मिळेल, चेहरा नाही. ७०-२०० एफ २.८ दीड किलोच्या आसपास असते, तीन-चार तास धरणं सोपं नाही, म्हणून मोनोपॉड न्या. सोनीच्या मिररलेसवाल्यांना टॅमरॉनची ७०-१८० एफ २.८ आहे, ८१० ग्रॅमची. समारोह वर्षातून एकदाच असतो, त्यामुळे ही लेन्स विकत घेण्यापेक्षा भाड्याने घेणं शहाणपणाचं. समारोहातली बेहट गावची सभा दिवसाउजेडी होते. तिथे जुनी ५५-२५० पुरते, निवांत घेऊन जा.

फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) असेल तर प्रत्येक ठिकाणी एक पायरी लांब जा: ५० च्या जागी ८५, ८५ च्या जागी १३५.

हा हिशोब नको असेल तर सोपी युक्ती आहे. मागच्या कार्यक्रमांचे फोटो उघडा आणि प्रत्येक फोटोच्या माहितीत किती एमएमला घेतलाय ते बघा. बहुतेक ५५ वर अडकलेले असतील तर तुम्हाला ५० नको, ८५ हवी. बहुतेक १८ ते ३५ मध्ये असतील तर तुम्ही जवळ बसता, ३५ घ्या.

जुन्या लेन्स घेताना एक अडचण वारंवार येते. निकॉनच्या ५० आणि ८५ एमएमच्या ज्या लेन्सांच्या नावात शेवटी डी आहे, त्यांच्यात फोकसची मोटर नाही. डी ३५००, डी ५६०० अशा बॉडींवर त्या लागतात, प्रकाश तेवढाच देतात, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. अंधारात ते जमत नाही. मिररलेसच्या अॅडॅप्टरवरही तेच. नावात एएफ-एस असलेलीच घ्या. आणि लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारून बघा. पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. मंचावरचे दिवे समोरून आले की हेच धागे फोटोवर धुरकट पडदा टाकतात.

लेन्समागे लावून तिची लांबी वाढवणाऱ्या टेलिकन्व्हर्टरचा मोह टाळा. दुपटीचा कन्व्हर्टर दोन टप्पे प्रकाश खातो, म्हणजे एफ २.८ ची लेन्स एफ ५.६ ची होते आणि तुम्ही पुन्हा किटच्या लेन्सवर येता.

नवी लेन्स आली, तरी चेहरा पुसट

८५ एमएम एफ १.८ ला तीन मीटरवर जेमतेम ९ सेंटीमीटर खोलीचा भाग धारदार येतो. नाकाच्या टोकापासून कानापर्यंतचं अंतर याहून जास्त आहे. गायक सुरात पुढे झुकला की तो या पट्ट्याबाहेर गेलाच. किटच्या लेन्सने हे कधी जाणवत नव्हतं, म्हणून लोकांना वाटतं लेन्स खराब निघाली.

फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवा. कॅमेऱ्याला सगळे बिंदू वापरू दिलेत तर तो माइक पकडतो, कारण माइक पुढे असतो आणि त्याची जाळी ठळक असते. अंधारात डोळा सापडत नसेल तर त्याच खोलीवरची ठळक कड धरा, चष्म्याची काडी, कुंकू, कानातलं. फोकस सतत चालू ठेवण्याचा मोड लावा, कारण गायक स्थिर नसतो. एफ २.२ किंवा २.५ वर आलात तर थोडी सवलत मिळते आणि कडाही सुधारतात. उजेड परवडत असेल तेव्हा मी तेच करतो. फोकसला मदत करणारा कॅमेऱ्याचा नारिंगी दिवा मात्र बंद करा. आलाप चालू असताना गायकाच्या डोळ्यांवर तो दिवा लागणं हा गाण्याचा अपमान आहे. फ्लॅशबद्दल तर बोलायलाच नको.

हे सगळं करूनही डीएसएलआरवर (आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) फोकस दर वेळी त्याच बाजूला, मागे किंवा पुढे, सरकत असेल तर बॉडी आणि लेन्सचा मेळ बिघडलेला असू शकतो. दिवसा टेबलावर पट्टी तिरपी ठेवा, मधल्या आकड्यावर फोकस करा, लेन्स पूर्ण उघडी ठेवून पाच-सहा फोटो घ्या. धारदार भाग दर वेळी मधल्या आकड्याच्या मागेच येत असेल तर काही बॉडींत फोकस सूक्ष्मपणे सरकवायची सोय असते, तिथे दुरुस्त करा. स्वस्त बॉडींत ती नसते, मग सर्व्हिस सेंटर. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच होतो, त्यामुळे हा प्रकार सहसा येत नाही.

बसण्याची बाजूही ठरवा. अगदी समोरून माइक तोंड झाकतो आणि मागच्या तानपुऱ्याची दांडी गायकाच्या डोक्यातून उगवल्यासारखी दिसते. तीस-चाळीस अंश बाजूला सरकलात की दोन्ही अडचणी जातात. तबल्याच्या बाजूला बसलात तर तबलजीची पाठ येते की नाही हे कार्यक्रमाआधी उठून बघून घ्या, नंतर हलता येत नाही.

दिव्यांचे चाळे

फोटोवर आडवे काळे-उजळ पट्टे येत असतील तर लेन्स निर्दोष आहे. एलईडी दिवे मंद केले की ते झरझर चालू-बंद होत असतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटर ते टिपतं. मेकॅनिकल शटरवर या, शटर १/१०० किंवा १/१२५ करून बघा. अडचण एवढीच की मेकॅनिकल शटर वाजतं. ठाय आलापीत एकेक फोटो थांबून घ्या, द्रुत चालू झालं की आवाज तबल्यात विरून जातो.

लाल आणि निळ्या दिव्यांत चेहरा सपाट डागासारखा येतो, कारण एकच रंग भरून वाहतो आणि बारकावे जातात. हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात) रंग वेगवेगळे बघा आणि लाल कापला जात असेल तर फोटो एक टप्पा काळा घ्या. नंतर कृष्णधवल केला तर असे फोटो पुष्कळदा वाचतात. पण खरा उपाय मंडळात आहे. कार्यक्रमाआधी दिवेवाल्याला भेटा आणि कलाकाराच्या चेहऱ्यावर समोरून एक पांढरा किंवा पिवळसर दिवा कायम ठेवायला सांगा. आपल्या मंडळांत हे सांगितलं तर ऐकतात, आणि त्या एका दिव्याने एफ २.८ ची लेन्स एफ १.८ सारखी काम करते.

थंडी आणि धुकं

हे खास डिसेंबरचं. उघड्या मांडवात रात्री दहानंतर लेन्सच्या पुढच्या काचेवर दव धरतं आणि तासाभराने सगळे फोटो दुधाळ होतात. लोक फोकस तपासत बसतात. मधून मधून काच टॉर्चने बघा, हूड कायम लावा आणि कॅमेरा वापरात नसताना शालीखाली ठेवा. यूव्ही फिल्टर काढून ठेवा, मंचावरच्या दिव्यांचे उलटे ठिपके त्याच्यामुळे येतात. धुकं स्वतःच मांडवात उतरलं तर लांबून कोणतीही लेन्स चेहरा स्वच्छ देणार नाही, तेव्हा शक्य तितकं पुढे सरका.

घरी परतल्यावर थंड कॅमेरा ऊबदार खोलीत काढला की आतबाहेर बाष्प बसतं, आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते. मांडवातच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि सकाळपर्यंत उघडू नका. फोटो रात्रीच बघायचे असतील तर कार्ड आधी काढून खिशात ठेवा.